पुलापलीकडे आई: गोळी, सराव की दोन्ही?

आम्ही सांगलीवाडीत राहतो, शाळा सांगलीत, मधे आयर्विन पूल. तिसरीत असताना माझी लेक पूल ओलांडायची, पण माझ्यासकट. वर्गाच्या खिडकीतून मी दिसले नाही की पोटात दुखायचं, उलटी व्हायची. जंताचं औषध झालं, रक्त-लघवी झाली, सोनोग्राफी झाली, सासूबाईंनी दृष्टही काढली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली मी दोन महिने बसून काढले. शेवटी मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नाव सांगितलं, सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे आपल्या माणसापासून दूर होण्याची भीती, आणि पुढ्यात तीन वाटा ठेवल्या: नुसती एक्सपोजर थेरपी (भीतीला थोडं थोडं सामोरं जायचा सराव), नुसती गोळी किंवा दोन्ही. हल्ली ओळखीचे आईबाप मला विचारतात, म्हणून तेव्हा वाचलेलं, विचारलेलं आणि भोगलेलं इथे मांडते. मी डॉक्टर नाही. गोळी कोणती आणि किती, हे त्यांनीच ठरवायचं.

आधी एक्सपोजर, कारण गैरसमज याच्याबद्दलच जास्त आहेत. गप्पा मारून समजूत काढणं म्हणजे एक्सपोजर नव्हे, आणि पोहायला शिकवताना विहिरीत ढकलतात तसंही ते नाही. भीती वाटली की मूल पळतं, पळालं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि मेंदू पळायलाच शिकतो. म्हणून भीतीच्या पायऱ्या पाडायच्या, खालच्या पायरीवर मुलाला उभं करायचं आणि ‘वाटलं होतं तसं काही झालं नाही’ हे त्याचं त्याला कळेपर्यंत थांबायचं. आमची पहिली पायरी होती मी शाळेच्या फाटकाबाहेर थांबायचं. मग समोरच्या रसवंतीगृहात. मग गणपतीच्या देवळापर्यंत. मग मी पूल ओलांडून घरी. सगळ्यात वरची, मिरजेला मावशीकडे एक रात्र. प्रत्येक वेळी लेकीला विचारायचं, दहापैकी भीती किती? ती ‘आठ’ म्हणाली की सासूबाई म्हणायच्या, “म्हणजे तेरा आणे!” तिला आणे काय कळणार, पण हसायची.

यात दुखतं ते आईबापांनाच. लेकरू फाटकाला धरून रडत असताना रसवंतीत बसून राहायचं, हा माझा सराव होता. कडुलिंबाखाली बसून मी भीतीला खतपाणी घालत होते, हे ऐकून घेणंही सोपं नव्हतं.

गोळी म्हणजे बहुधा सर्ट्रालिन किंवा फ्लुऑक्सेटिनसारखी, एसएसआरआय नावाच्या, चिंता-नैराश्यावरच्या औषधांच्या गटातली. ती पॅरासिटामॉलसारखी तासाभरात लागू पडत नाही. नीट गुण यायला चार-सहा आठवडे धरून चालायचं. सुरुवातीला पोट बिघडतं, डोकं दुखतं, झोप विस्कटते. काही मुलं उलट जास्तच चुळबुळी, चिडकी होतात. तसं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. ‘सवय लागेल’ ही माझ्या नवऱ्याची भीती होती. व्यसन लागावं अशी ही गोळी नाही, मात्र मनानं एकदम बंद करायची नाही. खरी सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. २००४ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर मुलांसाठी इशारा छापायला लावला. आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन गोळी घेणाऱ्या मुलांत सुमारे ४ टक्के, तर खोटी गोळी (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली) घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळलं होतं. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येनं मृत्यू झाला नव्हता. तरी पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून बघायचं.

आता शेजारी-शेजारी. अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, २००८ साली छापून आला. चिंतेच्या तीन विकारांची मुलं, १२ आठवडे. सर्ट्रालिन आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, एक्सपोजर तिचाच कणा) दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं चांगली सुधारली. नुसत्या सीबीटीनं ६०, नुसत्या गोळीनं ५५, खोट्या गोळीनं २४. आकडे पाहून आमच्याकडे लगेच ‘दोन्हीच घेऊ’ ठरत होतं. पण जोडउपचारवाल्या घरांना आपण खरी गोळी घेतोय हे माहीत होतं, त्यामुळे ८१ मध्ये थोडा वाटा आशेचाही असणार. आणि सरासरी सहा वर्षांनी त्यातल्या बऱ्याच मुलांना पुन्हा गाठलं, तेव्हा निम्म्याहून थोडी कमीच चिंतामुक्त होती, आणि सुरुवातीला कुठला उपचार मिळाला यानं फरक पडलेला नव्हता. पहिल्या १२ आठवड्यांत ज्यांना गुण आला, ती मुलं पुढेही थोडी बरी राहिली.

माझ्या मते गोळी पायरीची उंची कमी करते, चढायचं मुलालाच. म्हणून नुसत्या गोळीवर माझा फारसा जीव नाही. भीती मऊ झाली, पण आई कडुलिंबाखालीच, तर मुलाला नवं काय कळलं? गंमत अशी की आपल्याकडे सहज मिळते ती हीच वाट. गोळी दहा मिनिटांत लिहून मिळते, सरावाला दर आठवड्याला तास लागतो आणि तो करून घेणारी माणसं मोजकी. तालुक्याच्या गावात थेरपिस्टच नसेल तर निदान आईबापांनी सराव शिकून यावं. येल विद्यापीठात १२४ मुलांवर झालेल्या एका चाचणीत मुलाला न बोलावता फक्त पालकांना शिकवलं, तरी निकाल मुलांच्या सीबीटीपेक्षा कमी पडला नाही.

एक चौथी वाट कुणी दाखवली तर सावध राहा. आम्हाला एका दवाखान्यात शाळेआधी द्यायला म्हणून क्लोनाझेपाम लिहून दिलं होतं. अशा शांत करणाऱ्या गोळ्यांचा मुलांच्या चिंतेवर उपयोग सिद्ध झालेला नाही, यांची मात्र सवय लागते. शिवाय गुंगीत केलेल्या सरावातून मूल शिकणार काय?

मग कुणी काय घ्यावं? मूल रडत-कुढत का होईना पहिली पायरी चढतंय, जेवतंय, झोपतंय, तर गोळीशिवाय सुरू करा आणि दोन-तीन महिने प्रामाणिकपणे द्या. शाळा पूर्ण सुटली असेल, झोप-जेवण उडालं असेल किंवा पहिल्या पायरीचं नाव काढताच थरथरत असेल, तर दोन्ही एकदम सुरू करण्यात कमीपणा नाही. आम्ही आधी नुसता सराव केला. फाटकावर पाच आठवडे अडकलो, मग गोळी जोडली. रसवंतीगृह त्यानंतर महिन्याभरात जमलं. गोळी जोडली म्हणून सराव सैल सोडायचा नाही, उलट तेव्हाच पायऱ्या भराभर घ्यायच्या. गुण आल्यावर साधारण वर्षभर गोळी चालू ठेवतात आणि परीक्षा नाही, शाळाबदल नाही असा काळ बघून हळूहळू उतरवतात. ती उतरताना जुन्या पायऱ्या पुन्हा एकदा करून घ्याव्यात, नाहीतर ‘ते गोळीमुळे जमलं होतं’ असं मूल धरून बसतं. माझीही धरून बसली होती. गोळी अर्ध्यावर आल्यावर आम्ही पुन्हा फाटकापासून सुरुवात केली, आणि तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली, “आई, तू जा ना, मैत्रिणी बघतायत.”

थेरपिस्ट निवडताना एकच प्रश्न विचारा: आज तासाभरात मुलानं नेमकं काय *केलं*? उत्तर ‘छान बोललो आम्ही’ असंच चार वेळा आलं, तर पाचव्यांदा दुसरीकडे जा. घरात खर्चावरून वाद असेल तर आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. आणि रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आणि मराठीतही.