आरएक्स १०० ला आरपीएम मीटर: आठ महिने आणि एक जळालेला मीटर

गाडी १९९४ ची यामाहा आरएक्स १००, वडिलांची. आरपीएम मीटर (इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतं ते दाखवणारा) लावून आठ महिने झाले, फिरणं सव्वाचार हजार किलोमीटरच्या आसपास. मीटर गाडीवर राहणार आहे. त्याच्याबरोबर आलेल्या शिफ्ट लाइटवर (ठरवलेल्या आरपीएमला पेटून गिअर बदलायला सांगणारा दिवा) मात्र तिसऱ्या महिन्यापासून काळी टेप आहे आणि ती काढायचा विचार नाही.

हौस म्हणून हे सुरू झालं नाही. गाडीचं रिबोअर (घासलेला सिलिंडर आतून थोडा मोठा कापणं) करून नवा पिस्टन टाकला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "पहिले हजार किलोमीटर जास्त पिळू नका." जास्त म्हणजे किती? ते स्पीडोमीटरवर दिसत नाही. दुसऱ्या गिअरमधले पस्तीस आणि चौथ्यातले पस्तीस इंजिनाला सारखे नसतात. माझ्या गाडीला कंपनीचा आरपीएम मीटर नाही, केबल जोडायला इंजिनावर जागा नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिकच घ्यायचा ठरला. साडेनऊशे रुपयांचा, गोल, काट्याचा, वर लाल दिवा.

आमच्या कोल्हापुरात वायरिंगचं काम करणारे एक मामा आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी डबा बघितला आणि म्हणाले, "भावा, चार वायरी हाईत, बिघडतंय काय त्यात?" वीस मिनिटांत मीटर चालू. हेडलाइटच्या डूममध्ये (मागच्या वाटीत) हात घातला, जवळ सापडलेल्या वायरीवर प्लस घेतला, सिग्नलची वायर ठिणगीच्या कॉइलकडे जाणाऱ्या नारिंगी वायरीला पिळली, टेप मारली. तिसऱ्या दिवशी काटा चार हजारावर अडकला तो कायमचा. त्याच दिवसांत सकाळी किका वाढल्या होत्या. नारिंगी वायर सोडवल्यावर गाडी पुन्हा दुसऱ्या किकला सुरू व्हायला लागली.

मामांचा दोष नाही. पॉइंटवाल्या गाडीत, म्हणजे जिथे ठिणगी उघडझाप करणाऱ्या यांत्रिक स्विचवर पडते तिथे, हे चालून जातं. आरएक्सला सीडीआय आहे, म्हणजे ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा. कॅपॅसिटर चार्ज होऊन एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा होतो, त्यामुळे त्या नारिंगी वायरीवर बारा व्होल्ट नसतात, काही शे व्होल्टचा ठोका असतो. मीटर तेवढा सोसायला बनवलेला नसेल तर आतला भाग जातो, आणि जाईपर्यंत ठिणगीतला वाटा खातो. डब्यातल्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला, तो वेगळा राग.

दुसरी चूक प्लसची. माझ्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नाही, सरळ मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) कॉइलवर चालतो. म्हणजे तिथे एसी. रेस वाढली की तोही वाढतो. मीटरला हवा डीसी. यामाहाच्या जुन्या वायरिंगमध्ये चावी फिरवल्यावर जिवंत होणारी वायर तपकिरी असते आणि अर्थ काळी. मल्टिमीटर लावून बघितलं, तपकिरी निघालीच. दुसरा मीटर (साडेसोळाशेचा, प्लगच्या वायरीवरून सिग्नल घेणारा) मी स्वतः बसवला. तपकिरीवर एक अँपिअरचा फ्यूज घालून प्लस घेतला, आणि अर्थ हेडलाइटच्या डूममध्ये न देता वेगळी वायर ओढून थेट बॅटरीच्या मायनसला. तीस वर्षांत फ्रेमवर रंगाचे तीन थर चढलेत, तिथे बोल्टखाली थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून अर्थ मिळेल ही आशा सोडलेली बरी.

सिग्नलची वायर या मीटरला कुठे जोडायचीच नसते. प्लगच्या जाड वायरीभोवती नुसते वेढे द्यायचे, तांब्याला तांबं लागू द्यायचं नाही. किती वेढे, यातच माझे दोन रविवार गेले. सहा वेढ्यांवर काटा साडेतीन हजारानंतर वेड्यासारखा नऊ हजारावर उडायचा. दोन वेढ्यांवर खाली बरोबर, पण वर गेल्यावर मध्येच शून्य. चार वेढे ठीक बसले, तरी थरथर होतीच. ती गेली प्लगची टोपी बदलल्यावर. जुनी टोपी साधी होती. पाच किलोओमचा रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा भाग) असलेली नवी लावली आणि काटा शांत झाला. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात आर हे अक्षर असेल तर तो रेझिस्टर प्लगमध्येच असतो. वेढ्यांतून आलेली वायर बाकीच्या वायरींच्या गुंडाळ्यात कोंबू नका, टाकीखालून वेगळी आणा. आणि हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. माझी पहिल्यांदा उजवीकडे वळवताना ताणली जात होती.

मग सेटिंग. पाठीमागे छोटं बटण आहे, एका फेरीला किती ठिणग्या हे त्यावर ठरतं. इथे पुष्कळ जण गोंधळतात, कारण कागदावर फक्त सिलिंडरची संख्या छापलेली असते. आरएक्स टू-स्ट्रोक, प्रत्येक फेरीला एक ठिणगी. मॅग्नेटवरून पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) असलेल्या बऱ्याच शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्याही प्रत्येक फेरीला ठिणगी टाकतात, त्यातली निम्मी वाया जाते, पण मीटरला ती दिसते. जुनी पॉइंटवाली बुलेट मात्र दोन फेऱ्यांत एकदाच. साडूच्या बुलेटवर माझ्या सेटिंगनं हाच मीटर धरला तर निम्मा आकडा दाखवत होता. साडूला वाटलं, आपली गाडी फारच निवांत चालते.

आकडा खरा आहे का, हे तपासायला दुसरा मीटर लागत नाही. मोबाईलवर आवाजाची वारंवारता दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्यायचं, फोन सायलेन्सरच्या तोंडापासून दोन फुटांवर धरायचा आणि रेस एका जागी धरून ठेवायची. माझं इंजिन एका फेरीला एकदा फुटतं, म्हणून हर्ट्झला साठानं गुणलं की आरपीएम. १०० हर्ट्झ म्हणजे ६०००. माझा मीटर तिथे ६१५० दाखवतो. आयडलिंगला २४ हर्ट्झ, म्हणजे १४४०, मीटरवर साधारण १४००. एवढं मला पुरतं. बुलेटला १२० नं गुणायचं.

आता शिफ्ट लाइट. रिबोअरनंतरचे पहिले हजार किलोमीटर तो पाच हजारावर लावला होता, तेवढ्यापुरता उपयोग झाला. हात जरा जास्त फिरला की लाल. नंतर साडेसात हजारावर नेला, कारण कंपनीची अकरा हॉर्सपॉवर तिथेच येते. आणि कळलं की आरएक्सला याची गरजच नाही. साडेपाच-सहाच्या पुढे आवाज बदलतो, सीट मागे ढकलते, गिअर कधी टाकायचा ते कानालाच कळतं. दिवा दुपारच्या उन्हात दिसत नाही, रात्री मात्र डोळ्यांत घुसतो. गगनबावड्याच्या रस्त्यावर रात्री एका वळणावर तो पेटला आणि पुढचे दोन सेकंद मला रस्ता दिसला नाही. घरी येऊन पहिलं काम टेप लावायचं केलं.

ज्यासाठी मीटर घेतला नव्हता, तिथे तो कामाला आला. एक, शहरात मी चौथा गिअर किती लवकर टाकतो हे मला माहीतच नव्हतं. तीसच्या वेगात चौथ्यात काटा अडीच हजाराच्या खाली असतो आणि मी वर रेस देत राहायचो, इंजिन कण्हत ओढायचं. वडिलांचीच सवय, पेट्रोल वाचवायची. आता तिसऱ्यात ठेवतो.

दोन, उतार. करूळ घाट उतरताना तिसऱ्यात रेस पूर्ण सोडली होती, गाडी गिअरवरच रोखली जात होती आणि सहज खाली बघितलं तर काटा साडेपाच हजारावर. आमच्या गाडीचा ऑइल पंप कधीच काढून टाकलाय, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून टाकतो. रेस बंद म्हणजे पेट्रोल जवळपास बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि पिस्टन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्या कोरडाच धावतोय. जुने लोक उतारावर मधेमधे रेस द्यायला सांगतात ते यासाठीच. मी ते ऐकलं होतं, ऐकून सोडलं होतं. आकडा समोर दिसल्यावर हात आपोआप फिरायला लागला. मागचा पिस्टन जाम झाला तोही अशाच एका उतारानंतर, आता जोडून बघतो तर पटतं.

तिसरी गोष्ट बॅटरीची. आरएक्सचं सीडीआय मॅग्नेटवर चालतं, त्यामुळे बॅटरी मेली तरी गाडी किकला सुरू होते आणि आपण महिनोनमहिने बघत नाही. मीटरनं चुगली केली. सिग्नलला थांबलो, इंडिकेटर लावला, की प्रत्येक उघडझापेला मीटरचा दिवा मिणमिणायचा आणि काटा झुकायचा. व्होल्ट मोजले तर इंडिकेटर पेटल्यावर साडेदहा. मीटर बिघडला समजून मी आठवडाभर वेढे मोजत बसलो होतो. नवी छोटी बॅटरी टाकली, विषय संपला.

तक्रारीही आहेत. उद्यमनगरातून पत्र्याची पट्टी वेल्डिंग करून आणली होती, ती दोन महिन्यांत व्हायब्रेशननं वेल्डिंगपाशीच तडकली. मग सलग पट्टी वाकवून घेतली आणि मध्ये रबरी बुश टाकले, ती टिकून आहे. वेल्डिंग नको, वाकवूनच घ्या. काचेवर उन्हाची चमक येते, दुपारी बारा ते तीन आकडा वाचायला मान तिरकी करावी लागते.

आणि पाणी. डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय. जुलैत गगनबावड्याला दोन तास भिजलो आणि काचेच्या आतून धुकं धरलं. पाणी काचेकडून येत नव्हतं, वायरी जिथून आत जातात त्या भोकातून वायर धरून उतरत होतं. मीटर उघडून उन्हात ठेवला, भोक सिलिकॉननं बंद केलं, वायरींना मीटरखाली एक लोंबता वेढा दिला म्हणजे थेंब तिथून खाली पडतील. तेव्हापासून कोरडा आहे, पण सात आणि आठ या आकड्यांच्या मध्ये एक पिवळट डाग राहिलाय. साडेसात हजार नेमकं त्याच्याखाली येतं.