‘ओइशिन्बो आ ला कार्त’: बापलेकाचं वैर, पदार्थांप्रमाणे वाटून दिलेलं

तेत्सु कारिया यांचं लेखन आणि अकिरा हानासाकी यांची चित्रं असलेली ‘ओइशिन्बो’ ही मांगा (जपानी चित्रकथा) 1983 मध्ये सुरू झाली, 111 खंडांपर्यंत पोचली आणि 2014 पासून थांबली आहे. इंग्रजीत मिळतात ते विझ मीडियाने 2009-10 मध्ये ‘ओइशिन्बो आ ला कार्त’ या नावाने काढलेले फक्त 7 निवडक खंड. विकत घेण्याआधी त्यांची मांडणी समजून घ्या, कारण खरी अडचण तिथेच आहे.

यामाओका शिरो हा तोझाई शिंबुन या वृत्तपत्राचा कामचुकार बातमीदार. वृत्तपत्राच्या शंभरीनिमित्त ‘अंतिम मेनू’, म्हणजे सर्वोत्तम पदार्थांची यादी, ठरवायचं काम त्याच्याकडे येतं. प्रतिस्पर्धी वृत्तपत्र ‘परमोच्च मेनू’ काढतं आणि त्यासाठी नेमतं त्याच्याच बापाला, काइबारा यूझानला. शिरो आडनावसुद्धा आईचं लावतो. आईच्या मृत्यूला तो बापालाच जबाबदार धरतो.

कुंभारकाम आणि चित्रकला करणारा, खवय्यांचा क्लब चालवणारा यूझान हा उघडच किताओजी रोसान्जिन (1883–1959) या खऱ्याखुऱ्या जपानी कलावंतावर बेतलेला आहे. त्याच्या लेखी स्वयंपाक ही कला. त्यात हयगय करणाऱ्याला माफी नाही, मग घरची माणसं भरडली गेली तरी चालेल. शिरोला हा तोराच नको असतो. किमतीला आणि नावाला भुलू नका, जिन्नस बघा, हे त्याचं म्हणणं. पण तो अनेकदा हरतो, आणि हरतो ते बापाचं नाक कापायच्या नादात खाणाऱ्याला विसरल्यामुळे. बाप दुष्ट आणि लेक बरोबर, असा सोपा हिशेब लेखकाने ठेवलेला नाही. मालिकेची ताकद तीच.

विझच्या खंडांत मात्र प्रकरणं काळानुसार नाहीत, विषयानुसार आहेत: जपानी पाककला, साके (तांदळाची दारू), रामेन-ग्योझा (रश्श्यातल्या शेवया आणि सारण भरलेले मोदकवजा डम्पलिंग), मासे, भाज्या, भात, इझाकाया (जपानी दारूगुत्त्यातलं खाणं). त्यामुळे शिरो एका प्रकरणात अविवाहित, तर पुढच्यात संसारी. वैर कसं निवळत गेलं, हे या 7 खंडांतून कळत नाही.

तपशील मात्र चोख. पहिल्या खंडात दाशीचं, म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया असलेल्या पातळ रश्श्याचं, प्रकरण आहे. कोम्बू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) उकळत ठेवला की पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं, कात्सुओबुशी (धुरावून वाळवलेला मासा) आधीच किसून ठेवली की वास उडतो. हे माहीत असलं की प्रकरण दुप्पट रंगतं. सहाव्या खंडात नुकत्याच कांडलेल्या तांदळाचा आग्रह वाचताना मराठी वाचक थबकेल. आपल्याकडे मोकळ्या भातासाठी जुना तांदूळ भाव खातो!

पानं उजवीकडून डावीकडे वाचायची. खंडाच्या शेवटी दिलेल्या टिपा आधी चाळा, नाहीतर पदार्थांच्या नावांत अडकाल. संवाद कधी कधी पाठ्यपुस्तकी होतात, विशेषतः साकेच्या खंडात.

सुरुवात सहाव्यापासून करा, मग पाचवा. शाकाहारी वाचकालाही हेच दोन सोयीचे, अर्थात दाशीतला मासा तिथेही सुटत नाही.