केवायसीला पावती कशाला निघते?

आमच्या बचत गटाचे ९५,६०० रुपये गेले. आकडा आधीच सांगते, कारण गावात कुणी दोन लाख म्हणतं, तर कुणी म्हणतं सचिवबाईनंच खाल्ले. ती सचिवबाई मी. नऊ वर्षांपासून गटाची वही माझ्याकडे आहे आणि त्या वहीत आजवर एका रुपयाचा फरक निघालेला नाही. अकरा बायांचा गट, यवतमाळ जिल्ह्यातलं आडवळणाचं गाव, तालुक्याची शाखा २२ किलोमीटरवर. वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटेल की बँकमित्रांचे, म्हणजे गावात बँकेचं काम करायला नेमलेल्या माणसांचे, असले प्रकार आपण रोज ऐकतो, हिला कसं कळलं नाही? मीही ऐकत होते. मलाही वाटायचं, ते दुसऱ्या गावात होतं.

आमचा बँकमित्र गावातलाच पोरगा. ग्रामपंचायतीजवळ टिनाची खोली, झेरॉक्स, रिचार्ज आणि बँकेची पाटी. बाहेर मोठ्या अक्षरात बँकेचं नाव, आत बँकेचं कॅलेंडर. आमच्यासाठी तीच बँक होती. म्हाताऱ्यांची निराधारची रक्कम, शेतकरी सन्मानचे दोन हजार, सगळं तिथेच अंगठा लावून निघायचं. शाखेत जायचं तर वावरातलं काम बुडतं, दिवस जातो, आणि तिथे गेल्यावर काउंटरवरून ‘तुमच्या गावात बँकमित्र आहे ना, इकडे कशाला आल्या’ असं ऐकून परत यायचं. हे मी दोनदा ऐकलेलं आहे. बँकेनंच आम्हाला त्या खोलीत ढकललं, हे आधी लक्षात घ्या.

जून २०२३ मध्ये गटाला दोन लाखांचं कर्ज मिळालं. हप्ता ६,२००. प्रत्येकीची बचत २०० प्रमाणे २,२००. असे दर महिन्याला ८,४०० रुपये बैठकीत मोजायचे, वहीत सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मी व अध्यक्षबाई दोघींनी नेऊन त्याच्याकडे भरायचे. डिसेंबरपर्यंत मशीनमधून पावती निघायची, ती मी वहीला चिकटवायची. जानेवारी २०२४ पासून त्यानं सुरू केलं, ‘काकू, लिमिट संपली. सांजी टाकतो.’ लिमिट म्हणजे काय ते मला माहीत होतं. बँकमित्राच्या स्वतःच्या खात्यात तेवढी शिल्लक असली तरच आपली रोकड मशीनमधून आपल्या खात्यात जाते. म्हणजे बहाणा खराच वाटावा असा होता. मग कधी सर्व्हर डाउन, कधी कागदाचा रोल संपला. हातानं लिहिलेली चिठ्ठी द्यायचा, वर बँकेचा गोल शिक्का. तो शिक्का पाहून मी गप्प बसले. आता ठाण्यात मला सांगतात की असला शिक्का तालुक्याला कुणीही बनवून देतो.

नऊ महिने, ७५,६०० रुपये. एकही पैसा खात्यात गेला नाही.

तरी कळलं का नाही, ते सांगते, कारण यातच त्याचं डोकं होतं. कर्जाचा हप्ता गटाच्या बचत खात्यातून आपोआप कटायचा. जानेवारीत त्या खात्यात आमची आधीची ७८,३५० रुपये शिल्लक होती. आम्ही भरत होतो ते त्याच्या खिशात जात होतं, आणि बँक हप्ता कापत होती आमच्याच जुन्या शिलकीतून. कर्ज वेळेवर फिटतंय, थकबाकीच्या यादीत नाव नाही, शाखेतून फोन नाही. उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, बैठकीत आमचा गट चांगला म्हणून टाळ्यासुद्धा वाजल्या. सगळीकडे सगळं नीट दिसत होतं आणि खालून भांडं रिकामं होत होतं.

उरलेल्या २०,००० ची गोष्ट माझ्या जिवाला जास्त लागली आहे.

गटाच्या खात्यातून बँकमित्राकडे पैसे काढायचे तर दोन पदाधिकाऱ्यांचे अंगठे लागतात. एकीनं काढून नेऊ नये म्हणून केलेली सोय. मी नव्या बायांना हे अभिमानानं सांगायची. १७ जानेवारीला, संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, त्यानं निरोप धाडला की गटाची केवायसी, म्हणजे ओळखीची तपासणी, राहिली आहे, नाही केली तर खातं बंद पडेल. आम्ही दोघी कापूस वेचून सरळ तिकडेच गेलो. अध्यक्षबाईंचा अंगठा उमटेना. कापूस वेचून वेचून बोंडाच्या टोकांनी बोटं चिरतात, रेषा राहत नाहीत. त्यानं मशीनची काच रुमालानं पुसली, त्यांना अंगठा केसांवर घासायला लावला, चारदा दाबून घेतला. मग माझा. आणि मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर आली. मी पाहिली. वीतभर पांढरी पट्टी, कर्र असा आवाज करत आली, त्यानं ती फाडली आणि शर्टाच्या खिशात घातली.

केवायसीला पावती कशाला निघते? हा प्रश्न मी त्याच जागी विचारायला हवा होता. तो मनात आला नाही असं नाही. आला होता. पण बाहेर अंधार पडत होता, घरी सासूबाई तापानं पडलेल्या, आणि पोरगा ‘झालं काकू, चहा सांगू का’ म्हणत होता. ज्याला लहानपणी आमच्या अंगणात खेळताना पाहिलं त्याला ‘खिशातला कागद दाखव’ कसं म्हणायचं? तेवढ्या एका संकोचाची किंमत १०,००० रुपये. फेब्रुवारीत पुन्हा बोलावलं, ‘केवायसी रिजेक्ट झाली’. आणखी १०,०००. दुसऱ्या वेळी पट्टी निघाली तेव्हा त्यानं आधीच मशीनवर हात ठेवला होता. तेही मी पाहिलं.

दोन अंगठ्यांचं कुलूप चांगलंच आहे. पण दोघींनाही माहीत नव्हतं की कुलूप कशाचं उघडतंय.

मोबाईलवर मेसेज का आला नाही, असं सगळे विचारतात. खात्याचा फॉर्म त्यानंच भरला होता आणि नंबर स्वतःचा टाकला होता. गावातल्या आणखी किती खात्यांना तोच नंबर आहे, हे शाखेचा संगणक मिनिटात दाखवू शकतो. बँकमित्राचा नंबर ग्राहकांच्या खात्याला लागलाय, एवढं एक कुणी तपासलं असतं तर आमचे पैसे वाचले असते. तुम्ही आजच शाखेत जाऊन तुमच्या खात्याला कोणता नंबर आहे तो विचारा. पाठ असेल तरी विचारा.

उघडकीला आलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि बाजारात भाव त्याच्याही खाली, म्हणून रब्बीसाठी दुसरं कर्ज मागायला आम्ही शाखेत गेलो. साहेब म्हणाले, या महिन्याचा हप्ताच कटला नाही, खात्यात पैसे नाहीत. मी हसले. मला वाटलं चुकून दुसऱ्या गटाचं खातं उघडलं. मग पासबुक छापून दिलं. शिल्लक ३,४१२, त्यातही व्याज मिळून. अध्यक्षबाई तिथेच फरशीवर बसल्या.

आता जबाबदारीचं ऐका. शाखेचे साहेब पहिल्या वाक्यात म्हणाले, ‘तो आमचा स्टाफ नाही, कंपनीचा माणूस आहे.’ कंपनी म्हणजे बँकेला बँकमित्र पुरवणारी. तिच्या नंबरवर फोन केला तर ‘शाखेशी बोला’. माझा भाचा वर्ध्याला एका बँकेत कारकून आहे, त्यानं सांगितलं म्हणून मला कळलं: रिझर्व्ह बँकेनं २००६ साली बँकमित्र नेमायची मुभा दिली तेव्हाच लिहून ठेवलं आहे की त्यांच्या कामाची जबाबदारी पूर्णपणे बँकेची. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला, पण अर्जावर पोच द्यायला ते तयार होईनात. ‘ठेवून जा, बघतो.’ मी ठेवून आले, ही माझी चूक. आठ दिवसांनी तो अर्ज सापडत नव्हता. दुसरा अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवला. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं धरा.

भाच्यानं आणखी एक सांगितलं, ते मला झोपू देत नाही. बँकेत पैशाची नोंद एकानं टाकायची आणि दुसऱ्यानं तपासून पास करायची असते. तिजोरीच्या चाव्या दोघांकडे. आणि जोखमीच्या टेबलावरच्या माणसाला वर्षातून एकदा न सांगता सलग दहा कामाचे दिवस सुटीवर पाठवायचं, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये व्यापारी बँकांना बजावलं आहे. कारण त्या दहा दिवसांत दुसरा माणूस टेबलावर बसला की दाबून ठेवलेलं वर येतं. आमचा पोरगा चार वर्षांत एक दिवस खोली बंद ठेवत नव्हता. पोळ्यालाही उघडी. आम्ही त्याचं कौतुक करायचो! कुणी एक दिवसही दुसऱ्याला बसू देत नसेल तर तिथे आधी बघा.

आणि तपासणी? त्या खोलीत खिळ्याला एक वही टांगलेली असायची, शाखेचा अधिकारी येऊन पाहून गेल्याची. दर महिन्याला सही. मी त्या अधिकाऱ्याला आमच्या गावात कधी पाहिलं नाही. सोमवारी तोच वही पिशवीत घालून शाखेत न्यायचा आणि सही घेऊन यायचा. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातात तपासणीची वही! अधिकारी फक्त एकदा आले असते आणि कोणत्याही एका गटाला ‘तुमचं पासबुक दाखवा’ म्हणाले असते, तर प्रकरण फेब्रुवारीतच संपलं असतं.

ठाण्यात तीन तास बसवलं. ‘हे दिवाणी हाय बाई, कोर्टात जा.’ मग म्हणाले, ‘अंगठा तुमचाच ना? मंग फसवणूक कशी?’ मग आणखी एक निघालं: जूनपर्यंतचे पैसे जुन्या दंड विधानात, १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता, आता कलम कोणतं लावायचं ते वर विचारावं लागेल. १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन केला, त्यांनी विचारलं पैसे कोणत्या खात्यात गेले. रोकड दिली होती, तर खातं कुठून सांगू? यवतमाळच्या सायबर शाखेत गेलो तर त्यांनी परत ठाण्यात धाडलं. सतरा फेऱ्या मोजल्या आहेत मी. एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून जमलं, नाहीतर मजुरी बुडवून तेही परवडलं नसतं. शेवटी लेखी तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवली. ठाण्यानं नोंद केली नाही तर हे करता येतं, कायद्यातच आहे, पण ठाण्यात कुणी सांगत नाही. ४१ दिवसांनी गुन्हा नोंदला गेला.

उमेदच्या तालुका कार्यालयात काय ऐकलं? ‘सह्या तुमच्या, अंगठे तुमचे.’ टाळ्या वाजवताना गट त्यांचा होता.

बँकेतल्या एकानं समजुतीनं सांगितलं की पोलिसात गेलात, आता बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जाता येणार नाही. हे खोटं आहे. कोर्टात दावा लावला तर अडचण येते, पोलीस तपासानं येत नाही. बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी फोन नंबर १४४४८. आमची केली आहे. क्रमांक मिळाला, निकाल नाही.

निकालाचं म्हणाल तर आपल्या विदर्भात काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. नागपूर जिल्हा बँकेचं रोखे प्रकरण २००२ चं. सरकारी रोखे घ्यायला बँकेचे पैसे गेले आणि रोखे आलेच नाहीत. खालच्या कोर्टाचा निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला. आमचंही तसंच, पैसे गेले आणि नोंद आली नाही. दिलेल्या पैशाच्या बदल्यात कागद आला का, हे कुणीतरी दुसऱ्यानं बघायचं असतं. तिथे एवढ्या मोठ्या बँकेत बघितलं गेलं नाही, मग टिनाच्या खोलीत कोण बघणार होतं?

पोरगा आता गावात नाही. त्याचे वडील १५,००० रुपये घेऊन आले, सोबत गावचे चार मोठे लोक, आणि एक लिहिलेला कागद: आमची तक्रार नाही. मी सही केली नाही. गटातल्या सहा जणी माझ्यावर रागावल्या, ‘हातचे पैशे कायले सोडतं माय’. त्यांचं चूक नाही, एकेकीच्या वाट्याचे ८,६९० रुपये आहेत, एकीनं तर त्यातून पोरीची फी भरायची ठरवली होती. शेवटी पैसे घेतले, पण कागद आम्ही लिहिला: काही रक्कम मिळाली, तक्रार कायम. कुणी असे पैसे घेऊन आलं तर कागद तुम्ही लिहा, त्यांचा घेऊ नका. ८०,६०० अजून बाकी आहेत आणि बँकेचा हप्ता सुरूच आहे. दोन महिन्यांचा हप्ता मी माझी पोत गहाण ठेवून भरला. वही माझ्याकडे होती, मग आणखी कुणी भरायचा?

स्वतःच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करून ठेवा, पैसे काढायचे त्या दिवशीच उघडा. अंगठा लावण्याआधी स्क्रीनवरचा आकडा मोठ्यानं वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला सोबत न्या. मशीनची पावती नाही तर रोकड परत. ‘सांजी टाकतो’ला हो म्हणू नका, तो जावयाचा भाऊ असला तरी.

आमच्या गावात त्याच खोलीत पैसे भरणारे आणखी तीन गट आहेत. एकीनं पासबुक छापून आणलं, त्यांचे ३१,००० कमी निघाले. बाकी दोन गटांच्या सचिव म्हणतात, आमचं बरोबरच असेल, बघायला भीती वाटते. उद्या सकाळी ८ च्या गाडीनं मी त्या दोघींना घेऊन शाखेत चालले आहे.