सॅन फ्रान्सिस्कोला गेलात तर लायब्ररीतलं हॉर्मेल सेंटर चुकवू नका

बे एरियात ताईकडे गेलो की गोल्डन गेट, फिशरमन्स व्हार्फ, झालं फिरणं. यावेळी बार्टने (तिथली लोकल ट्रेन) सिव्हिक सेंटरला उतरलो आणि सरळ मेन लायब्ररी गाठली, तिसऱ्या मजल्यावर जेम्स हॉर्मेलच्या नावाचं एलजीबीटी सेंटर आहे. एंट्री फुकट, मेंबर नसलात तरी खुशाल बसून वाचा.

खोली गोल आहे, फार मोठी नाही, पण मान वर केली की घुमटावर 'इंटू द लाइट' नावाचं म्युरल, मी तर मान दुखेपर्यंत बघत बसलो.

हा हॉर्मेल म्हणजे स्पॅमवाल्या हॉर्मेल कंपनीच्या संस्थापकाचा नातू (स्पॅम म्हणजे डब्यातलं मांस हो, ईमेलवाल्या स्पॅमला नाव त्यावरूनच पडलं). शिकागोच्या लॉ कॉलेजात विद्यार्थ्यांचा डीन, बायको, पाच मुलं, १९६५ ला घटस्फोट, आणि पुढे उघडपणे गे म्हणून जगला. वडिलोपार्जित पैसा गे हक्कांच्या कामात ओतला, या सेंटरला ५ लाख डॉलर दिले, १९९६ ला ते सुरू झालं.

आणि हेच त्याला नडलं ना! १९९७ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटनने लक्झेंबर्गमधला अमेरिकेचा राजदूत म्हणून त्याचं नाव दिलं, सिनेटच्या परराष्ट्र कमिटीत १६ विरुद्ध २ ने पास, पण पुढे सिनेटमध्ये मतदानच होऊ देईनात, सिनेटमधला बहुमतवाल्या रिपब्लिकनांचा नेता ट्रेंट लॉटने समलैंगिकतेला दारूच्या आणि चोरीच्या सवयीच्या पंगतीत बसवलं, आणि विरोधकांनी तो या पदाला नालायक असल्याचा पुरावा म्हणून काय दाखवलं तर या सेंटरमधली पुस्तकं. अरे पैसे दिले म्हणून काय प्रत्येक पान त्यानेच लिहिलं का? त्यातली बरीच तर त्यांच्याच संसदेच्या लायब्ररीत, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होती. बरं देश केवढा, तेव्हा अख्ख्या लक्झेंबर्गची लोकसंख्या आपल्या सोलापूर शहराच्या निम्मी भरायची, आणि त्यांची तर काही हरकतच नव्हती. शेवटी जून १९९९ ला सिनेट सुट्टीवर असताना (तेव्हा मतदानाशिवाय नेमता येतं) क्लिंटनने नेमणूक उरकली, शपथेला बायबल धरायला हॉर्मेलचा पार्टनर. अमेरिकेचा पहिला उघडपणे गे राजदूत.

२०२१ ला गेला, ८८ वर्षांचा होऊन. भांडण झालेली ती शेल्फं मात्र उघडी आहेत, हात घालून पुस्तक काढा.

हार्वे मिल्कचे (सॅन फ्रान्सिस्कोतला उघडपणे गे असलेला, निवडून आलेला नेता) कागदपत्र बघायचे असतील तर ते इथे नाही, सहाव्या मजल्यावर हिस्टरी सेंटरमध्ये मिळतात, आधी वेळा चेक करून जा. मी नुसता तिसऱ्यावरच तीन तास रमलो, ताईचे चार मिस्ड कॉल.