तिसऱ्यांदा बदललेलं ऑईलसील, आठ महिन्यांनंतर

आमची पिकअप १९८६ची, जुन्या जीपच्याच हाडापेराची. देवगडच्या बागेतून आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट चढायचा, हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. गेल्या पावसाळ्यात डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचा ओघळ दिसला. पुढे ब्रेक मारला की गाडी उजवीकडे खेचायला लागली. ब्रेकचा ड्रम उघडला तर आतले लायनर (ब्रेक लावताना ड्रमवर घासणारे पट्टे) ९० नंबरच्या गिअर ऑईलने चिंब.

एक्सलमधलं तेल चाकाकडे येऊ न देणारं रबरी कडं म्हणजे हे ऑईलसील. ते दोनदा बदलून घेतलं. पहिलं तीन आठवडे टिकलं, दुसरं जेमतेम सव्वा महिना. पहिल्या वेळी ते हातोडीने ठोकून तिरकंच बसवलेलं होतं, हे मागाहून कळलं. शिवाय लायनर पेट्रोलने धुऊन तेच पुन्हा बसवले, ही चूक मात्र माझी. वरून सुके दिसतात, पण घाटात तापले की आत मुरलेलं तेल परत पाझरतं. लायनर बदलायचेच.

दिवाळीनंतर गावातल्या म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "झिला, सील बदलून काय उपेग? शाफ्टाक बोट लावन बघ." लावलं. चाक फिरवणाऱ्या एक्सलच्या त्या दांड्यावर सीलचा ओठ, म्हणजे आतली रबरी कड, जिथे घासतो तिथे नख अडकेल एवढी खाच! अशा शाफ्टवर नवं सील बसवणं म्हणजे फुटक्या घागरीला नवं झाकण.

खरा त्रास ड्रम काढायचा. या एक्सलच्या शाफ्टचं टोक निमुळतं, त्यात चावी (शाफ्टवर ड्रम घसरू न देणारी लोखंडी पाचर), आणि खाऱ्या वाऱ्याने सगळं गंजून एकजीव झालेलं. मेस्त्रींनी कॅसल नट सैल करून टोकावरच ठेवला, पुलर (ड्रम ओढून काढायचं अवजार) आवळला आणि आम्ही जेवायला गेलो. परत येईपर्यंत ड्रम आपणहून सुटला होता. नट नसता तर तो अंगणापार गेला असता. शाफ्टच्या टोकावर घण घालू नका, दणका आतल्या बेअरिंगला बसतो. ब्रेकच्या पाट्यामागचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) निघाले तेवढेच परत घाला, एक्सलचा प्ले, म्हणजे आत-बाहेर हलण्याची जागा, त्यांच्यावर ठरतो.

खाचेवर पातळ स्टीलची स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवर घट्ट चढणारी बाही, बसवली. तिची जाडी साधारण ०.२८ मि.मी., त्यामुळे सीलचा साईज तोच चालतो. किंमत मात्र सीलच्या कितीतरी पट, आणि इथे मिळाली नाही, कोल्हापूरहून आणावी लागली. सील साधंच, नायट्राईल रबराचं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला तेलाचं बोट, आणि सपाट पट्टी धरून चहूबाजूंनी हळूहळू आत.

दुसरी चोरी ब्रीदरने केली होती. एक्सलवरचं हवा जाण्यायेण्याचं ते टीचभर बोंडुक तांबड्या मातीने गच्च बुजलेलं. तेल तापलं की आतली हवा फुगते, वाट नाही मिळाली तर सीलमधून तेल ढकलते. उलट, तापलेला एक्सल वहाळाच्या पाण्यात उतरला की हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. आमचं जुनं तेल ताकासारखं पांढरट निघालं ते त्यामुळेच. आता ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर चॅसीला बांधली आहे. तेलही भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच. पूर्वी "जरा जास्त असू दे" म्हणून तिरक्या अंगणातच भरायचो. गाडीही तिथेच डावीकडे कललेली उभी राहायची, म्हणजे रात्रभर तेल डाव्याच सीलवर.

तेव्हापासून सहा हजार किलोमीटर झाले. सगळा आंब्याचा हंगाम, भरल्या गाडीने घाट, आणि आता जुलैचा पाऊस. डावं चाक कोरडं ठणठणीत. मे महिन्यात ड्रम उघडला तेव्हा आत फक्त लायनरची काळी पूड होती. ब्रेक सरळ लागतो.

उजवीकडे मात्र मी कंजुषी केली. तिथे खाच बारीक होती म्हणून नुसतं सील बदललं, स्लीव्ह घातली नाही. गेल्या पंधरवड्यापासून खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर सकाळी रुपयाएवढा डाग दिसतो. स्लीव्ह आणून कपाटात ठेवली आहे. मेस्त्रींनी गणपतीनंतरची तारीख दिली आहे, कारण त्यांच्या गॅरेजमध्ये सध्या मुंबईकरांच्या गाड्यांची रांग लागायला सुरुवात झाली आहे.