एर्टिगा, उदी आणि हातातला व्हॅक्यूम : नऊ महिन्यांचा हिशोब

माझी एर्टिगा टूरिस्ट परवान्यावर चालते. शिर्डी, त्र्यंबक, वणी, मधूनच शनिशिंगणापूर, अशी नाशिकहून ठरलेली भाडी. सहा वर्षांत या गाडीच्या सीटांखाली जे काही सांडलंय त्यातून छोटं वाणसामानाचं दुकान उभं राहिलं असतं: कुरमुरे, बत्तासे, शेंगांची टरफलं, पेढ्याचा चुरा, ओल्या खोबऱ्याचे तुकडे. आणि उदी. शिर्डीहून परतताना उदीची पुडी प्रत्येक पार्टीकडे असते, आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी ती माझ्याच गाडीत फुटते.

वॉशिंग सेंटरवाला आतून व्हॅक्यूम मारायचे दोनशे रुपये घेतो. पैशांचं एक वेळ जाऊ द्या, वेळ जुळत नाही. त्याचं शटर उघडतं नऊला आणि माझी पार्टी पहाटे पाचला गाडीत बसायची असते. आदल्या रात्री अकराला परत आलो की गाडी तशीच उभी. म्हणून हातात धरायचा, बिनवायरचा व्हॅक्यूम घ्यायचं डोक्यात आलं. गेल्या दिवाळीआधी घेतला, आता नऊ महिने झाले. आधी गाडीत आणि गाडीतून सुटला की घरात, असा त्याला आराम नाही. त्यामुळे बरं-वाईट दोन्ही सांगण्याइतका तो वापरून झालाय.

खरं म्हणजे हा दुसरा. पहिला ८९९ रुपयांना ऑनलाइन मागवला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत १,२०,००० पास्कल, म्हणजे हवा ओढण्याच्या जोराचं माप. मी भुललो तो त्या आकड्यालाच. त्याच पानावर ८,००० पास्कलवाला होता, तो मला अगदीच मरतुकडा वाटला. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिने खोकं हातात घेतलं आणि हसायलाच लागली. "पप्पा, समुद्रकाठी हवेचाच दाब एक लाख एक हजार पास्कलच्या आसपास असतो. मशीनमधली सगळीच्या सगळी हवा काढून टाकली तरी त्याच्यापेक्षा जास्त ओढ येणार कुठून? आणि आपलं नाशिक तर सहाशे मीटर उंचावर, इथे त्याहून कमी." म्हणजे मी पैसे मोजले होते ते जगात कुठेच न मिळणाऱ्या ताकदीचे. घरी वापरायचे वायरवाले मोठे व्हॅक्यूमसुद्धा वीस हजार पास्कलच्या आसपास असतात. तेव्हा हातातल्या ८,००० वाल्यानेच खरं सांगितलं असणार.

आणि पास्कल हा आकडा मोजतात नळीचं तोंड बंद करून. कचरा उचलतो तो वाहता वारा. तोंड बंद असताना कितीही जोर असला तरी तोंड उघडल्यावर वारा किती वाहतो, ते खोक्यावर सहसा नसतंच.

तिने मग बॅटरीचा हिशोबही घालून दाखवला. लेबलवर ७.४ व्होल्ट आणि २,००० एमएएच, म्हणजे दोन अँपिअर-तास. गुणाकार केला की जवळपास १५ वॉट-तास, एवढीच बॅटरीतली शिदोरी. खोक्यावर मोटर १२० वॉटची आणि चालणार २५ मिनिटं, असं दोन्ही छापलेलं. १५ वॉट-तासांत १२० वॉटची मोटर साडेसात मिनिटांच्या वर चालूच शकत नाही. एक तर मोटर १२० ची नाही, नाहीतर २५ मिनिटं खोटी. आमच्या बाबतीत दोन्ही. ते मशीन दोन महिन्यांत फुंकणी झालं. धाकट्याने ते कीबोर्ड झटकायला नेलं, अजून त्याच्या टेबलावर आहे.

दुसऱ्या वेळी दुकानात जाऊन, हातात घेऊन बघितला. ३,२०० रुपये पडले. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण हेच मशीन चार नावांनी विकलं जातं असं दिसतं. नुसता रंग वेगळा. लेबलवर ११.१ व्होल्ट, २,५०० एमएएच. म्हणजे पावणेअठ्ठावीस वॉट-तास, आणि १२० वॉटला साधारण चौदा मिनिटं. खोक्यावर लिहिलं होतं १२ मिनिटं. हिशोबापेक्षा कमी लिहिणारा माणूस मला प्रामाणिक वाटला. दुकानदाराला दुसरा प्रश्न विचारला तो फिल्टरचा: जादा मिळतो का, आणि आत्ता दुकानात आहे का? त्याने ड्रॉवरमधून काढून समोर ठेवला, १८० रुपयांचा. तिथेच व्यवहार ठरला.

लायटर सॉकेटला लावायचा वायरवालाही पाहिला होता. स्वस्त, आणि बॅटरीची कटकट नाही. पण गाडीचं ते सॉकेट साधारण १२० वॉटपर्यंतच सांभाळतं, आणि वायर एर्टिगाच्या तिसऱ्या रांगेमागे डिकीत पोचेपर्यंत सीटांना, गिअरला, पायांना गुंडाळून येते. माझ्या डिकीत सीएनजीची टाकी आहे. तिच्या बाजूच्या कोपऱ्यांत जी धूळ बसते तिथवर हात घालायलाच जागा नाही, तिथे वायर कुठे ओढणार?

आता प्रत्यक्ष काम. कुरमुरे, वेफर्स, टरफलं, कोरडी माती, वाळू: हे सगळं झटपट उचलतो, तक्रार नाही. फूटमॅट मात्र आधी बाहेर काढून भिंतीवर आपटायच्या. मॅटमधली माती व्हॅक्यूमने ओढत बसणं म्हणजे बॅटरी फुकट घालवणं. वरून खाली यायचं: डॅशबोर्ड, सीट, मग खालचं कार्पेट. कार्पेटला एका हाताने जुना ब्रश घासायचा आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या हाताने व्हॅक्यूम. नुसता वरवर फिरवला तर वरचंच जातं, मुळाशी रुतलेली वाळू हलत नाही. पूर्ण जोराने बारा मिनिटांत गाडीचा पुढचा आणि मधला भाग होतो. तिसरी रांग राहतेच. हलक्या स्पीडवर तेवीस मिनिटं चालतो, पण हलका स्पीड डॅशबोर्डच्या धुळीपलीकडे फारसा उपयोगाचा नाही.

केसांपुढे मात्र हा हरतो. पाहुण्यांचे लांब केस, आणि एकदा एका पार्टीचा कुत्रा होता त्याचे. कापडी सीटमध्ये ते विणल्यासारखे अडकतात. त्यावर बायकोचा उपाय: भांडी घासायचा रबरी हातमोजा जरा ओला करून सीटवरून एकाच दिशेने ओढायचा, केसांची वळकटी होते, ती हाताने उचलायची. व्हॅक्यूमचं त्यात काहीच काम नाही.

सीट आणि हँडब्रेक यांच्यामधली फट हा सगळ्या ड्रायव्हरांचा जुना शत्रू. सोबत आलेलं चपटं नोझल तिथे शिरतच नाही, जाड आहे. मी त्याच्या पुढे एक्वेरियमच्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा चिकटपट्टीने बसवला. नळी बारीक असल्याने वारा कमी होतो आणि मोटरचा आवाज चढतो, म्हणून दहा-पंधरा सेकंद चालवून थांबायचं. या नळीने आजवर शेंगदाणे तर काढलेच, एक कानातलंही तोंडाशी अडकून वर आलं. ज्यांचं होतं त्या ताईंना फोन करून परत दिलं; पुढच्या महिन्यात त्यांनी दोन भाडी मिळवून दिली. व्हॅक्यूमची निम्मी किंमत तिथेच सुटली म्हणा.

उदीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्यामुळेच मला हे मशीन कळलं. उदी, भंडारा, रांगोळी, मैदा हे सगळे पिठासारखे बारीक. मशीन त्यांना एका झटक्यात गिळतं, सीट चकाचक, आपण खूश. पण ते सगळं जाऊन फिल्टरच्या घड्यांत बसतं. दुसऱ्या दिवशी तेच मशीन साधा कुरमुरा उचलत नाही. मला आधी वाटलं बॅटरी गेली. मग मोटर. दुकानात जाऊन भांडायच्या तयारीने निघालो होतो, तेवढ्यात मुलीने फिल्टर काढून पायरीवर आपटला. जो ढग निघाला, आख्खा जिना पांढरा! फिल्टर परत बसवल्यावर मशीन नव्यासारखं चालू. तेव्हापासून आधी ओल्या फडक्याने जेवढी उदी टिपता येईल तेवढी टिपतो आणि शिवणीतली उरलेली तेवढी व्हॅक्यूमने घेतो. जेजुरीच्या भंडाऱ्याला ओलं फडकं लावू नका, पिवळा डाग कायमचा बसतो. तो व्हॅक्यूमनेच काढायचा आणि लगेच फिल्टर झटकायचा.

फिल्टर धुता येतो असं खोक्यावर लिहिलंय, आणि येतोही. पण पूर्ण वाळायला चोवीस तास, पावसाळ्यात दोन दिवस. जूनमध्ये घाईत ओलसरच बसवला. दोन फेऱ्यांत गाडीत कुबट वास सुटला आणि पेट्रोल पंपावर हवा भरताना पार्टीने विचारलं, "गाडीत काही मेलंय का हो?" म्हणून दुसरा फिल्टर हवाच. तो १८० रुपयांचा तुकडा नसेल तर ३,२०० च्या मशीनला निम्मे दिवस सुट्टी.

एक चूक आमच्या घरची. आईने देवघरातली उदबत्तीची राख या मशीनने ओढली. राखेत एक ठिणगी जिवंत होती. डब्यात केस आणि धूळ, वर वाऱ्याचा झोत. करपल्याचा वास आला म्हणून मी धावत जाऊन बंद केलं, डबा बाहेर ओतला. फिल्टरला रुपयाएवढं भोक. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही हे नशीब. आता देवघराला फक्त मोरपिसांचा कुंचा. ओलंही यात चालत नाही. घाटात पोर ओकलं तर जुनी वर्तमानपत्रं आणि डेटॉलचं पाणी, दुसरं औषध नाही.

घरात याचा खरा उपयोग सरकत्या खिडक्यांच्या खाचांत. आमच्या सिडकोत रस्त्यांची खोदाखोदी सतत चालू, सिंहस्थाची कामं निघाल्यापासून तर विचारूच नका. खिडकीच्या पट्टीत आठवड्याला बोटभर माती. पूर्वी चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून काढायचो. आता ब्रशचं नोझल लावलं की दोन मिनिटांत एक खिडकी. पंख्याची पाती पुसताना पलंगावर पडणारी धूळही हवेतल्या हवेत घेता येते, फक्त स्टुलावर उभं राहून एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात फडकं सांभाळावं लागतं. सोफ्याच्या फटी, दिवाळीत फराळाच्या डब्यांभोवती सांडलेली शेव, मुंग्यांची रांग: उत्तम. आख्खं घर झाडायला मात्र हा नाही. आईचं मत पहिल्या दिवसापासून ठाम आहे, की केरसुणीला बारा मिनिटांनी चार्जिंग लागत नाही. तरी लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू लावताना तिने याच्याही बटणावर बोट टेकवलं. ते कुंकू अजून आहे.

आता तक्रारी. आवाज भयंकर. पहाटे साडेचारला पार्किंगमध्ये चालू केला तर तळमजल्यावरचे काका गॅलरीत येऊन नुसते बघत उभे राहिले; काही बोलले नाहीत, पण मी दुसऱ्या दिवसापासून रात्रीच साफ करायला लागलो. चार्जिंगची पिन टाइप-सी आहे, पण मोबाईलच्या नव्या चार्जरची दोन्हीकडून टाइप-सी असलेली वायर लावली की हूं की चूं नाही. सोबत आलेलीच वायर लागते, जिचं एक टोक जुन्या चपट्या पिनचं. ती हरवली तेव्हा चार दिवस मी मशीन बिघडलं असंच समजत होतो. पाचव्या महिन्यात कचऱ्याच्या डब्याची खिटी तुटली. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, सुटी खिटी येत नाही, आणि डबा सध्या स्टॉकमध्ये नाही. तो "सध्या" चार महिने चाललाय. तोवर दुधाच्या पिशवीचे दोन रबर.

मे महिन्यात मशीन गाडीतच राहिलं आणि गाडी शिर्डीच्या पार्किंगला चार तास उन्हात. संध्याकाळी चार्जिंगला लावलं तर लाल दिवा लुकलुकतोय, चार्ज घेत नाही. तापलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नये म्हणून ते स्वतःच थांबतं, हे नंतर कळलं. तासाभराने गार झाल्यावर सुरळीत. तेव्हापासून ते गाडीत ठेवत नाही, रात्री घरी आणतो. बॅटरीने नऊ महिन्यांत किती धरलं? परवा घड्याळ लावून पाहिलं: पूर्ण जोराने साडेदहा मिनिटं. दीड मिनिट गेलं. एवढ्या वापरात ते मला मान्य आहे, पण बॅटरी आतच बसवलेली असल्याने बदलायची वेळ आली की पंचाईत होणार.

साडूने नवी गाडी घेतलीय, त्याला हेच हवंय. त्याला म्हटलं, तुझी गाडी घराखाली उभी, बाजूला प्लग आहे, आठवड्यातून एकदा साफ करणार, तर वायरवाला छोटा घे. जोरही जास्त आणि बॅटरी मरायची भीती नाही. माझ्यासारखं रोज रात्री अंधारात, सोसायटीच्या कोपऱ्यात, प्लग नसलेल्या जागी गाडी झाडायची असेल तरच हा. आणि घेतलास तर फिल्टर दोन घे, त्याच दिवशी, त्याच दुकानातून. माझ्या दुकानदाराकडे आता ते संपलेत, आणि माझा एक आत्ता गच्चीतल्या दोरीवर चिमट्याला लटकलाय. पाऊस थांबला तर परवाच्या वणीच्या पार्टीपर्यंत वाळेल.