तोंडातल्या लायकेन प्लॅनसवर लेझर: जळजळ गेली, जाळी राहिली

मी शिकवण्या घेते, त्यामुळे तोंडाला दिवसभर विश्रांती नाही. ओरल लायकेन प्लॅनसने, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराला सूज आणणाऱ्या चिवट आजाराने, गाल आतून सोलवटले, तेव्हा दुपारनंतर बोलणं नकोसं व्हायचं. दोन्ही गालांना पांढरी जाळी आणि मध्ये लालभडक कच्ची जागा. तिखट तर सोडाच, टूथपेस्टसुद्धा झोंबायची. स्टिरॉइडच्या मलमाने आराम पडायचा, पण मागोमाग तोंडात बुरशी ठरलेली. म्हणून लो-लेव्हल लेझरकडे, म्हणजे कमी शक्तीच्या लेझर प्रकाशाच्या उपचाराकडे, वळले.

डॉक्टरांनी गालातला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत मशीनला हात लावला नाही. याचे पैकीच्या पैकी गुण. या दुखण्यात साधारण शंभरात एकाला पुढे कॅन्सर होऊ शकतो. पांढरा चट्टा बघून लगेच लेझर मारायला निघालेला कुणी भेटला, तर तिथून सरळ उठावं.

सिटिंग म्हणजे गंमतच. गॉगल मलाही, त्यांनाही. आरशाने गाल बाजूला ओढायचा, लाळ टिपायची, बारीक प्रोब एका जागी काही सेकंद धरायचा. बीप वाजली की शेजारच्या जागी. ना चटका, ना वास. पहिल्यांदा तर मशीन चालू आहे ना, असं विचारलंच मी. कापायचा लेझर वेगळा. इथला प्रकाश लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असतो, तापत जवळजवळ नाही. पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाला (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) चालना मिळून सूज आणि दुखणं उतरतं, असं मानतात. या उपचाराचं मूळ १९६० च्या दशकातल्या हंगेरीत आहे. तिथले डॉक्टर एन्द्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर लेझर सोडला, तर त्यांचे केस भराभर उगवले! तिथून गाडी माझ्या गालापर्यंत आली.

गुण लगेच आला नाही. आठवड्यातून दोनदा जात राहिले, तेव्हा कुठे हळूहळू जळजळ ओसरली. आता सलग तास घेता येतात आणि बुरशीचा त्रास नाही, माझ्यासाठी हे मोठं आहे. लाल जागा बरीच भरली, पांढरी जाळी मात्र आहे तिथेच आहे.

राग आला तो काउंटरवरच्या बाईंचा. ‘पॅकेज घ्या, कायमचं बरं होईल.’ अहो, हा आजार दबतो, पुन्हा डोकं वर काढतो. कायमचा बरा करणारं औषध अजून नाही. डॉक्टर स्वतः असं काही बोलले नाहीत. उलट, स्टिरॉइडशी तुलना केलेल्या चाचण्यांत कधी बरोबरी दिसते, कधी स्टिरॉइडच सरस ठरतं, हे त्यांनीच सांगितलं. ज्यांना मलम सोसतं त्यांनी आधी तेच वापरावं, असं माझंही मत.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो पॅकेजसाठी, कारण पुढच्या नियमित तपासण्या त्यात धरलेल्याच नाहीत, आणि त्या तर चुकवून चालणार नाहीत.